सशाचे डोळे काढ, ससा उसवू नकोस

चिपळूण,
१४ जुलै

प्रिय कुंदा,

तुझा फोटो येऊन तीन आठवडे झाले आणि मी त्यावर "छान" एवढंच लिहून गप्प बसले. तुला तेव्हाच शंका आली असणार. नातीसाठी तू क्रोशाने विणलेला ससा, वर कापूस भरलेलं डोकं आणि खाली दुपटं, छान झालाय, हे मनापासून सांगते. पण फोटोत तो पाळण्यात आहे, छकुलीच्या गालाला अगदी लागून, आणि त्याचे काळे डोळे चमकतायत. तेव्हापासून माझा जीव त्या दोन डोळ्यांत अडकलाय. फोन केला असता तर तू मध्येच नातीचं कौतुक सुरू केलं असतंस आणि मीही त्यात वाहवत गेले असते. म्हणून लिहिते. इथे सगळे बरे. गुडघा आहे तसाच. पाऊस थांबायचं नाव नाही.

डोळ्यांचं आधी. पाकिटावर 'सेफ्टी आइज' छापलेलं असतं आणि आपण त्या नावावर विसंबतो. तो डोळा म्हणजे मागे दांडी असलेला प्लास्टिकचा मणी. आतून चकती दाबून बसवली की ती दांडीवरून सहजी निघत नाही, नावातली सेफ्टी ती एवढीच. पण चकती अडकून राहते ती विणीला, आणि वीण ताणते. क्रोशात दोन टाक्यांच्या मध्ये फट असतेच. बोटाने ओढली की ती रुंदावते. काल मी ८ मिलिमीटरचे डोळे दोन तुकड्यांत बसवून, तुकडे ओले करून, पिळून ओढून पाहिले. २.५ मिलिमीटरच्या सुईने घट्ट विणलेल्या तुकड्यातला जागचा हलला नाही. ३.५ च्या सुईने विणलेल्यातला चकतीसकट हातात आला. तू सशाचं डोकं ३.५ नेच विणलंयस ना? फोटो मोठा करून पाहिला तर हनुवटीखाली टाक्यांमधून पांढरा कापूस दिसतो, त्यावरून म्हणते.

आणि घट्ट वीण तरी कायमची थोडीच असते. छकुली पाच महिन्यांची झाली, आता दात शिवशिवतील. ती सशाचा कान आणि नाक दिवसभर चघळणार. लाळेने आणि धुण्याने सूत झिजतं. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. त्यामागच्या मानकात तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातून सुटणारा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावता कामा नये, असं आहे. तुझा डोळा त्यात कुठल्या कुठे हरवेल. आजीने नातीसाठी विणलेल्या सशाला कोणी मार्क मागत नाही, पण गळा तर बाळाचाच आहे.

आता ऐक, ससा उसवू नकोस. तो दुरुस्त होतो. मान दुपट्याला जिथे शिवलीस तो दोरा कापून डोकं सोडव. डोकं जिथे बंद केलंस तिथलं टोक शोध, गाठ काप आणि वीण १८ टाक्यांपर्यंत मागे काढ. सगळा कापूस बाहेर घे. आत बोट घातलंस की चकती लागेल. ती ओढून काढायच्या फंदात पडू नकोस, वीणच फाटेल. वीण आणि चकती यांच्यामध्ये दांडी दिसते, ती तार कापायच्या पकडीने तोड. दोन्ही चकत्या आणि दोन्ही डोळे ताटलीत समोर ठेवून मोज, चार तुकडे भरले पाहिजेत. दांडीचा चुरा आत राहतो, म्हणून डोकं उलटं करून झटक. मग भोकावर आतून त्याच गुलाबी सुताने दोन आडवे, दोन उभे टाके घालून फट बुजव.

नवे डोळे काळ्या सुताने भरायचे, तेही कापूस भरायच्या आधी, म्हणजे दोऱ्याची दोन्ही टोकं आत गाठीने बांधता येतात. जागा: वरून मोजून १० व्या आणि ११ व्या फेरीच्या मध्ये, दोन डोळ्यांत ६ टाके अंतर. दोन टाक्यांच्या रुंदीवर शेजारी शेजारी पाच-सहा भरीव टाके घाल. मिटलेले डोळे हवे असतील तर एक सैल टाका घालून तो मधोमध खालच्या फेरीत एका छोट्या टाक्याने दाब. झोपलेला ससा होतो. नाक १२ व्या फेरीवर. आणि गालावर एक काळा ठिपका भर. तीट! सशाला नजर लागू नये आणि पाहणाऱ्याला तो मराठी आहे हे कळावं. गोंद कशालाच नको, 'नॉन-टॉक्सिक' असला तरी. लाळ आणि साबण दोन्हीपुढे तो सुटतो.

दुसरी गोष्ट पाळण्याची, आणि इथे तू चिडशील. सशाला पाळण्यात ठेवू नकोस. झोळीतही नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळ झोपतं तिथे मऊ खेळणं, उशी, सुटं पांघरूण काही नको, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२२ च्या सूचनांत आहे. कारण साधं आहे. एवढ्या लहान बाळाच्या नाका-तोंडावर काही आलं तर ते बाजूला सारणं त्याला जमेलच असं नाही. तू म्हणशील, वीण जाळीची आहे, हवा जाते. ओली झालेली, दुमडलेली वीण तशी राहत नाही. जागेपणी, मांडीवर, आपलं लक्ष असताना हवा तितका खेळू दे. माई "आमच्या वेळी गोधड्याच असायच्या" म्हणतील. म्हणू देत. त्यांच्याशी वाद घालू नकोस, ससा उचलून कपाटात ठेव आणि त्यांना खीर दे. खिरीपुढे त्यांचं काही चालत नाही, हे आपण दोघींनी वसतिगृहापासून पाहिलंय.

दुसरा ससा करच. चिंधीला जीव लावणाऱ्या मुलाची चिंधी हरवली किंवा वाळत पडली की घर डोक्यावर घेतलं जातं. डोनाल्ड विनिकॉट या इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञाने १९५३ साली अशा वस्तूंवर लिहिलं, त्यात एक निरीक्षण आहे: आई ती वस्तू मळू देते, वास मारू देते, कारण धुतली की बाळाच्या अनुभवात खंड पडतो. म्हणून सारखे दोन हवेत, आणि सुरुवातीपासून आलटून पालटून द्यायचे, म्हणजे दोघांना सारखाच वास लागतो. दुसरा कोराच ठेवलास तर ऐन वेळी छकुली त्याला ओळखही दाखवणार नाही.

या दुसऱ्यासाठी माझी मापं घे. तुझा हात घट्ट, माझा सैल, हे भांडण जुनं आहे आणि मी ते इथे उकरत नाही. फक्त डोकं २.५ च्या सुईने कर आणि दुपटं ३.५ ने. सूत तेच, एकूण १०० ग्रॅम पुरेल. डोकं मुक्या खांबात (सुईवर वेढा न घेता घातलेला आखूड टाका), सलग गोल, फेरी न जोडता, दर फेरीतले टाके असे: ६, १२, १८, २४, ३०, ३६. मग ७ ते १३ या सात फेऱ्या ३६ वरच. मग ३०, २४, १८, १२, ६. प्रत्येक फेरीची पहिली जागा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने दाखव, सलग विणताना मोजणी चुकते ती तिथेच. वाढीचे टाके एकावर एक आले की डोकं षट्कोनी दिसतं, म्हणून एकाआड एक फेरीत वाढ अर्ध्या गटाने पुढे सरकव. घट करताना दोन्ही टाक्यांची फक्त पुढची कडी घे, भोक राहत नाही. आणि वीण सुलटी आहे ना बघ: 'व्ही' दिसणारी बाजू बाहेर. पहिल्या सशाचं डोकं उलटं झालंय गं, आडव्या दांड्या दिसतायत. बाळाला काही फरक पडत नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१८ टाक्यांवर थांबून उघडी मान तशीच दुपट्याला शिवू नकोस, त्यात धोका आहे. शिवण सुटली की कापूस थेट तोंडात. डोकं ६ पर्यंत पूर्ण बंद कर, टोक आतून दोनदा ओढून पक्कं कर, आणि मग १८ टाक्यांच्या फेरीवरून दुहेरी सुताने दुपट्याच्या मधोमध दोन वेळा गोल शीव. शिवण उसवली तरी डोकं बंदच राहील. सुरुवातीची मॅजिक रिंग, म्हणजे पहिले सहा टाके ज्यात विणून ओढून घेतो तो दोऱ्याचा फास, तीही अशीच दगा देते. टोक आखूड कापलेलं असतं, दोन-चार धुण्यांत ते मागे सरकतं आणि डोक्यावर भोक पडतं. १५ सेंटिमीटर टोक ठेव, रिंगमधून उलट दिशेने दोन वेळा फिरव आणि आत गाठ मार. मखमली शनील सूत घ्यायचा मोह झाला तरी घेऊ नकोस. त्याच्या कापल्या टोकातून लव गळते, ओढताना आतला बारीक दोरा तुटतो आणि टाके नुसते चाचपडत मोजावे लागतात.

कान: ६, १२, १५, मग दहा फेऱ्या १५ वर, एक फेरी १२, दोन फेऱ्या तशाच. कापूस नको. चपटा करून दोन्ही थर एकत्र घेऊन ६ मुके खांब, आणि शिवायला ३० सेंटिमीटर दोरा. चौथ्या ते आठव्या फेरीच्या दरम्यान लाव, दोन्ही बाजूंनी शीव. बाळ ससा उचलतं ते कानाला धरून, त्यामुळे सगळ्यात जास्त ताण तिथे.

दुपटं भरीव चौकोनाचं. तुझी लाडकी जाळीची नक्षी नको, भोकात बाळाची बोटं अडकतात. पहिल्या फेरीत चारी बाजूंना ३-३ खांब (सुईवर एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका), कोपऱ्यात २ साखळ्या. पुढे प्रत्येक कोपऱ्यात २ खांब, २ साखळ्या, २ खांब, म्हणजे दर फेरीला प्रत्येक बाजू ४ ने वाढते: ३, ७, ११, १५... पंधराव्या फेरीत बाजूला ५९ खांब आणि साधारण ३० सेंटिमीटर. यापेक्षा मोठं करू नकोस, रांगताना गुडघ्याखाली येतं. दर फेरीनंतर काम उलटव, नाहीतर चौकोन एका बाजूला पिळवटत जातो. दुपटं वाटीसारखं होऊ लागलं तर कोपऱ्यातल्या साखळ्या घट्ट झाल्यात. झालरीसारखं लहरायला लागलं तर कुठेतरी खांब वाढलेत, बाजू मोज. सगळी टोकं तीन दिशांनी शिवून लपव. सुटा लांब दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला तर रक्त अडतं आणि रडण्याचं कारण कोणाला सापडत नाही. गळ्यात रिबीन नको, घुंगरू तर मुळीच नको.

आणि हो, त्या जुन्या पुस्तकावरून बघणार असशील तर आठव: ते ब्रिटिश आहे. त्यातलं 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकन पुस्तकातलं 'डबल' म्हणजे खांब. शालीच्या वेळी यावरूनच आपण महिनाभर बोललो नव्हतो! तू पुस्तकाप्रमाणे बरोबर होतीस, हे मी आज लेखी देते.

कापसाच्या जागी मोहरी भरायचं तुझ्या मनात होतं, बाळाच्या उशीसारखी. नको. टाका सुटला तर दाणे तोंडात, आणि धुतल्यावर आत ओलं धान्य राहणार. साधा कापूस धुतला की गोळे होतात, शेवरी टाक्यांतून उडते. फायबरचा कापूस घे, १५ ग्रॅमच्या आसपास, चिमट्या-चिमट्याने भर. धुताना जाळीच्या पिशवीत, कोमट पाण्यात. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबायचं. पावसाळ्यात डोकं बाहेरून कोरडं लागतं पण आत ओल असते. म्हणून करून झाल्यावर ससा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोल आणि आकडा लिहून ठेव. धुतल्यावर वजन तिथवर उतरेपर्यंत छकुलीला द्यायचा नाही.

भाऊजी निवृत्त झाले, त्यांना माझे अभिनंदन सांग. लेकाचं कर्ज फिटलं का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल. नाशिकला तरी यंदा पाऊस बरा आहे म्हणतात.

एक काम मात्र आजच कर. गुलाबी सुताच्या गुंड्यावरचा कागद टाकला नसशील तर त्यावर शेड नंबरच्या शेजारी लॉट नंबर असतो. दोन्ही कळव. शेड तीच असली तरी लॉट बदलला की गुलाबी थोडा फिका किंवा गडद येतो, आणि दोन ससे शेजारी ठेवल्यावर लगेच कळतं. इथल्या दुकानात त्या रंगाचे अजून चार-पाच गुंडे दिसले होते. नंबर जुळला तर दोन घेऊन काळ्या सुताबरोबर पोस्टाने पाठवते.

तुझी,
मंगल

ता. क. पकड वापरताना चष्मा लाव, दांडीचा तुकडा उडतो.