नॉर्मंडीपलीकडचा जून

महोदय,

जून उजाडला की दुसऱ्या महायुद्धावरचे लेख येतात आणि बहुतेक नॉर्मंडीच्या वाळूतच रुतून बसतात. ६ जून १९४४ला दोस्तांची फौज फ्रान्सच्या या किनाऱ्यावर उतरली; मोठा दिवस, वादच नाही. पण त्याच्या दोनच दिवस आधी रोम दोस्तांच्या हाती पडले होते. इकडे ईशान्य भारतात २२ जूनला कोहिमाहून उतरलेली ब्रिटिश-हिंदी फौज इंफाळच्या फौजेला मिळाली आणि इंफाळचा जपानी वेढा उठला. त्याच सुमारास बेलारूसमध्ये रशियाने अशी मुसंडी मारली की जर्मनीची मधली फळीच कोसळली. हिटलरला नॉर्मंडीकडे हवी तेवढी कुमक वळवता आली नाही, त्यामागे हेही होते.

आपल्याकडच्या लेखांत तरी मराठा पलटणींचा उल्लेख हवा. त्यांतली एक मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांशी झुंजली, दुसरी त्या उन्हाळ्यात इटलीच्या आघाडीवर. तिथे १० जुलैला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात या दुसऱ्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे पडले. ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, मग उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय २२, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. एसटीतून जाताना तो कुणाचा, हे शेजारच्या कॉलेजकुमाराला विचारले. त्याने आधी मोबाइल काढला.

– एक वाचक, रायगड