पालुपद लोकांसाठी सोडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उपासनेच्या बँडमधून बाहेर पडून एकट्याने गाणाऱ्या ख्रिस्ती तरुणांविषयी एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचले. ‘देवाच्या नावावर स्वतःचे नाव करणे’ असे त्यांनी म्हटले आहे. असाच एक मुलगा माझ्या पेटीवर शिकला, म्हणून हे लिहिते.

मी निवृत्त शिक्षिका. नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 31 वर्षे पेटी वाजवते. हा मुलगा आठ वर्षांचा असताना संडेस्कूल सुटल्यावर माझ्याशेजारी येऊन बसायचा आणि भाता मारून द्यायचा. पुढे त्याने गिटार धरली, आणखी चार पोरे जमली आणि बँड उभा राहिला. तालीम दर शनिवारी आमच्या मागच्या खोलीत. खोलीवर पत्रे आहेत. रेकॉर्डिंग असले की मे महिन्यातही कूलर बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये शिरते. नागपूरचा मे काय असतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ढोलकीवाला पोरगा ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वाजवायचा. अमरावती, चंद्रपूर, छिंदवाडा, जिथे उज्जीवन सभा असेल तिथे ही पोरे एसटीने, वाद्ये मांडीवर घेऊन जात. असे नऊ वर्षे चालले.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी तो म्हणाला, “बाई, मी बँड सोडून राहिलो.” दुसऱ्या दिवशी उपासनेत त्याची जागा रिकामी होती आणि लोक मला विचारत होते. मला राग आला तो लोकांना न सांगता गेल्याचा. जाण्याचा नव्हे.

अमेरिकन ख्रिस्ती गायक डेव्हिड क्राउडर यांचे उदाहरण तो देतो. टेक्सासमधल्या वेको या गावी 1995 साली विद्यापीठातल्या मुलांसाठी एक मंडळी सुरू झाली, तिच्या उपासनेतून त्यांचा बँड घडला. आपण थांबणार हे त्यांनी आधी जाहीर केले, शेवटचा दौरा केला, जानेवारी 2012 मध्ये शेवटचा अल्बम काढला. काही साथीदारांनी ‘द डिजिटल एज’ हा नवा बँड केला, आणि क्राउडर यांचा एकट्याचा पहिला अल्बम 2014 साली आला. दोन्हीकडे गीते उपासनेचीच राहिली. मी त्याला म्हटले, उदाहरण घेतोस तर पुरते घे. ते लोकांना सांगून निघाले होते.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या नागपुरात राहिलेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला, आणि 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सोडले आणि ‘देवाचा दरबार’ ही वेगळी वाट धरली. त्यांची गीते मात्र मंडळीकडेच राहिली. आजही ‘उपासना संगीत’ हे आमचे गीतपुस्तक उघडले की पानोपानी ते भेटतात. आमच्यातल्या अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांनाही त्यांचे अभंग पाठ आहेत. पत्रलेखक महाशयांनी हे लक्षात घ्यावे, एवढी विनंती आहे.

टिळक कीर्तनेही करीत. कीर्तनात उभा एकच माणूस असतो, पण तो पालुपदाला थांबतो. साथीदार ते उचलतात, मग बसलेले लोक उचलतात. कीर्तनकार त्या वेळी गप्प असतो, नुसत्या टाळ्या देतो. एकट्याने उपासना चालवण्याची ही रीत आपल्या घरचीच आहे. माझे भांडण आहे ते पट्टीचे, म्हणजे गाणे किती उंच सुरात धरायचे याचे.

बँडमध्ये असताना त्याचे सगळ्यात आवडते गीत आम्ही पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी ‘सा’ धरून, घेत होतो. अंतरा तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या ‘सा’पर्यंत जातो, तेवढा सगळ्यांचा गळा पोचतो. एकट्याचे रेकॉर्डिंग केले तेव्हा त्याने तेच गीत पांढरी चारमध्ये नेले. म्हणजे तीन पट्ट्या वर. त्याचा आवाज तिथे फार सुंदर लागतो, ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी आले. पण नाताळच्या आधीच्या रविवारी पाहुणा म्हणून येऊन त्याने ते त्याच पट्टीत सुरू केले, आणि अंतऱ्याला अख्खी मंडळी गप्प झाली. पुढच्या बाकावरच्या आजींनी पुस्तक मिटले. लोक त्याच्याकडे बघत राहिले, शेवटी टाळ्याही वाजल्या. उपासनेत टाळ्या मिळाल्या आणि गाणे थांबले, हे मी 31 वर्षांत पहिल्यांदा पाहिले. स्टुडिओत हवी ती पट्टी घे. मंडळीपुढे उभा राहशील तेव्हा आजींची पट्टी धर.

आणखी एक गोष्ट, तीही मनाला लागलेली. त्या गीताचे शब्द त्याचे, पण चाल त्याची एकट्याची नाही. मुखडा ढोलकीवाल्याने गुणगुणत बांधला, त्याच पत्र्याच्या खोलीत. रेकॉर्डिंगवर नाव एकच आहे. चाल कुठे लिहिलेली नव्हती, असे तो म्हणाला. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा संगीतकाराची व्याख्या करताना सांगतो की रचना स्वरलिपीत उतरवलेली असो वा नसो, ती करणाराच संगीतकार. आमच्यापैकी कोणालाच स्वरलिपी येत नाही. चाली आम्ही कानाने बांधतो आणि कानाने सांभाळतो. म्हणून तर नाव द्यायला हवे.

हे सगळे मी त्याला समोर बसवून सांगितले. पट्टीचे त्याने ऐकले. येत्या ईस्टरला तो येणार आहे, पांढरी दोनमध्ये गाणार आहे, आणि पालुपदाला माइक खाली घेईन म्हणाला आहे. ढोलकीवाल्याचे नाव अजून लागलेले नाही. ते लागेपर्यंत मी विचारत राहणार आहे.

(नाव छापू नये ही विनंती. माझ्या नावावरून तो मुलगा ओळखू येईल.)

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सदर, नागपूर