‘भामटा’ हा शब्द वर्गात तपासायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फसवणुकीच्या किंवा चोरीच्या बातमीला ‘भामट्याने वृद्धेला लुबाडले’ अशा धर्तीचा मथळा देण्याची मराठी वृत्तपत्रांची जुनी सवय आहे आणि ती आपल्या अंकातही अधूनमधून दिसते. मथळा लिहिणाऱ्याच्या मनात कोणाची हेटाळणी नसते, हे मला मान्य आहे. शब्द आटोपशीर आहे आणि वाचकाला चटकन कळतो, एवढाच त्यामागचा विचार असावा. परंतु भामटा हे एका जातीचे नाव आहे. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे इंग्रजांनी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या आणि पुढे त्या शिक्क्यातून मुक्त झालेल्या जातींच्या, यादीत भामटा आणि राजपूत भामटा अशा स्वतंत्र नोंदी आहेत आणि त्यांतील पहिल्या नोंदीखालच्या पोटनावांमध्ये ‘उचले’ व ‘घंटीचोर’ हे शब्दही आहेत. ज्या नावावर मुलाला फीसवलत मिळते, तेच नाव शेजारच्या बाकावरचा मुलगा शिवी म्हणून वापरतो.

याची जाणीव मला फार उशिरा आणि स्वतःच्या चुकीमुळे झाली. सोलापुरात मी अनेक वर्षे मराठी आणि इतिहास शिकवत होते. एकदा शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना आठवीच्या वर्गात मी यादी जातीच्या रकान्यासकट मोठ्याने वाचली. एका मुलीच्या नावापुढे ‘राजपूत भामटा’ असे शब्द आले आणि वर्ग खो खो हसला. ती मुलगी काही बोलली नाही. पुढचे दोन दिवस शाळेत मात्र आली नाही. मी मुलांना रागावले, मुले गप्प बसली, पण त्यांच्या डोक्यातला शब्दाचा अर्थ त्यामुळे थोडाच बदलणार होता? तो त्यांना घरातून, गोष्टींतून आणि वर्तमानपत्रांतून मिळालेला होता आणि मी स्वतःही तोपर्यंत तो त्याच अर्थाने वापरत आले होते.

म्हणून पुढच्या आठवड्यात इतिहासाचे दोन तास मी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याला दिले. इंग्रज सरकारने या कायद्याने एकेका व्यक्तीला नव्हे, तर अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवले. त्यांची नावे पोलिसांच्या दप्तरी नोंदली गेली, ठरल्या वेळी हजेरी सक्तीची झाली आणि गावाबाहेर जायचे तर पास घ्यावा लागू लागला. पुढे १८९७ च्या दुरुस्तीने मुलगे आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची सोयही झाली. चोर चोरी करतो म्हणून नव्हे, तर चोराच्या पोटी जन्मला म्हणून चोर, हे त्या कायद्याचे गृहीतक होते. ते समजावून सांगायला सोलापूरच्या शिक्षकाला लांब जावे लागत नाही, कारण तारेच्या कुंपणात या जमातींना डांबून ठेवलेली वसाहत आमच्याच शहरात होती आणि त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. ‘सेटलमेंटला जाणारी बस’ हे शब्द रोज ऐकणाऱ्या मुलांनी त्या नावाचा अर्थ पहिल्यांदाच विचारला.

हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यानंतर ५ वर्षे १६ दिवसांनी. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. किती शाळांच्या दिनविशेषात त्याचा उल्लेख असतो, हे मुख्याध्यापकांनीच तपासून पाहावे. कायदा गेला तरी त्याची सावली मुंबई राज्याच्या १९५९ च्या सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यात उरली, आणि कारागृहांच्या नियमावल्यांतील जातिवाचक तरतुदी व विमुक्त जमातींना सराईत समजणारे उल्लेख घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला.

महात्मा गांधींना १८९३ मध्ये पीटरमारित्झबर्गच्या स्थानकावर रेल्वेच्या डब्यातून उतरवले, हे शिकताना आमच्या मुलांना मनापासून चीड येते. तो वंशवाद त्यांना ओळखता येतो, कारण तो करणारे गोरे आहेत आणि गाव परदेशातले आहे. पारधी वस्तीवरचा मुलगा वर्गात आला की कंपासपेटी दप्तरात खोल सरकवणे हाही वंशवादच आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. ‘सर्वांशी प्रेमाने वागा’ हा मूल्यशिक्षणाच्या तासाचा उपदेश इथे कुचकामी ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हा समज कोठून आला, तो कोणी पसरवला आणि त्याचा फायदा कोणाला झाला, हे मुलांनी स्वतः शोधायला हवे.

त्यासाठी मी पुढे दरवर्षी एक प्रकल्प देत असे. महिनाभराच्या गुन्हेवृत्तांची कात्रणे जमवायची आणि आरोपीची जात किंवा जमात कोणत्या बातमीत लिहिली आहे, ते लाल पेनने अधोरेखित करायचे. ‘पारधी टोळी’ हा शब्दप्रयोग मुलांना सापडे. पतसंस्था बुडवणाऱ्या संचालक मंडळाची जात मात्र कोणत्याच कात्रणात सापडत नसे. त्याच्या जोडीला मोल्सवर्थच्या १८५७ च्या शब्दकोशापासून आजच्या शालेय कोशापर्यंत ‘भामटा’ या नोंदीचे अर्थ उतरवून घ्यायचे. हा उद्योग नववीच्या कोणत्याही वर्गाला दोन आठवड्यांत जमतो आणि त्याला शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही.

आपल्या संपादकीय विभागाला विनंती एवढीच, की गुन्ह्याच्या मथळ्यांतून हा शब्द वगळावा. पर्यायांची चर्चा आमच्या वर्गातही झाली होती. तोतया, ठकसेन, लुबाडणारा असे शब्द फळ्यावर लिहून झाल्यावर एका मुलाने ‘ठग’ सुचवला, तेव्हा शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, पण ठग म्हणजे तरी नक्की कोण होते?” मग मला १८३६ च्या ठगीविरोधी कायद्यापर्यंत मागे जावे लागले आणि तेवढ्यात तासाची घंटा झाली.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर