आईला वाचून दाखवायचं तेवढं मोठ्यानं वाच

॥ श्री ॥

इटली, जानेवारी 1945

चि. बाळ यास दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र परवा मिळालं. हे पत्र माझ्या हातचं आहे, हे अक्षरावरून ओळखलंच असशील. बेळगावला इंग्रजी अक्षरात उर्दू शिकवलं, पण बाराखडी मी विसरून गेलो होतो. इतके दिवस मी सांगायचो आणि दुसरा लिहायचा. दुसऱ्याच्या हातून मनातलं सगळं लिहिता येत नाही. आता आमच्यातल्या एका नाईकानं पाटीवर पुन्हा गिरवून घेतलं.

आईस सांग, तब्येत ठीक आहे. इथं आपल्या घाटासारखेच डोंगर आहेत, पण सध्या सगळं बर्फाखाली. रोटी, डाळ, चहा खेचरांवरून वर येतं. गरम जर्सी आणि कानटोपी मिळाली आहे. परवा एका म्हातारीनं घरात बोलावून भाकरी दिली. इथं काटेरी कवचाचं एक फळ असतं, ते वाळवून दळतात. पीठ गोडसर, रंगानं नाचणीसारखं. तिचे दोन्ही मुलगे लढाईत गेलेत. मला जेवताना बघत बसली होती. संक्रांतीचा तिळगूळ त्या घासातच आला असं आईस सांग.

इथून पुढचं एकट्यानं वाच. गोठ्यात जा.

तू लिहिलंस की मास्तरांनी यशवंत घाडग्यांची बातमी वर्गात वाचली आणि पुढच्या भरतीला वय वाढवून सांगून तू उभा राहणार. घाडगे आपल्याच रेजिमेंटचे, तिसऱ्या पलटणीचे, कुलाबा जिल्ह्यातले. गेल्या 10 जुलैला टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगन सुरू झाली आणि त्यांचं अख्खं सेक्शन, म्हणजे हाताखालची तुकडी, पडलं, ते एकटे उरले. तसेच धावून गेले. आधी बॉम्ब टाकला, मग टॉमीगन चालवली, आणि मॅगझीन बदलायला सवड नव्हती म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीनंच झोडपलं. शत्रूचं ठाणं घेतलं आणि तिथंच गोळ्या लागून गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉसची बातमी आली तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती भरून आली. पण बाळ, त्या सेक्शनमधले बाकीचे कोण होते, ते मास्तरांच्या वर्तमानपत्रात होतं का? त्यांच्याही घरी कुणी आई आहे.

इथले सुरुंग लाकडी पेटीत असतात. लोखंड हुडकायचं यंत्र त्यांच्यावर नीट वाजत नाही. माझ्या शेजारी झोपणाऱ्या पोराचा पाय घोट्यापासून गेला. तो तुझ्याएवढाच दिसायचा. त्यानंही वय वाढवून सांगितलं होतं, आणि मीही. मी भरती झालो ते पगारासाठी. आबा गेले, मळा सावकाराकडे अडकला आणि घरात दाणा नव्हता. तुझ्यावर ती पाळी नाही. माझे पैसे दरमहा घरी येताहेत ते त्यासाठीच.

आता मळ्याचं. आबांनी ज्या कागदावर अंगठा उठवला तो कागद आपल्यात कुणालाच कधी वाचता आला नाही. आबा म्हणायचे गहाण, सावकार म्हणतो खरेदी. गहाण असेल तर रक्कम भरून मळा परत येतो, खरेदी असेल तर गोष्टच वेगळी. तालुक्याच्या रजिस्टर कचेरीत त्या खताची नक्कल मिळते. फी भर आणि शब्दन् शब्द स्वतः वाच. तारीख, रक्कम, मुदत सगळं मला उतरवून पाठव. तोवर आईला कुठल्याही कागदावर अंगठा लावू देऊ नकोस, देणारा कितीही गोड बोलला तरी. पैसे दिलेस तर पावती घे.

आणि व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झाल्यावर थांबू नकोस. साताऱ्याला भाऊराव अण्णांनी 1940 साली सयाजीराव हायस्कूल काढलंय, तिथं राबून शिकता येतं. तुला कुदळीची लाज नाही, मला ठाऊक आहे. एकदा जाऊन विचारून ये. चुकलेल्या वेलांट्या दुरुस्त करून हे पत्र परत पाठवायला सांगणार होतो, पण तेवढा कागद फुकट जायचा. तुझ्या पुढच्या पत्रात नीट लिहून दाखव.

तिकडं गावोगाव काय चाललंय ते थोडंफार कानावर येतं. पत्र साहेबाच्या नजरेखालून जातं म्हणून जास्त लिहीत नाही. रात्री फार फिरू नकोस. आई एकटी आहे.

आता आत जा आणि मोठ्यानं वाच.

आई, लढाई लांब आहे, आम्ही मागं आहोत. रोज गरम जेवण मिळतं. पाय शेकायला चूल आहे. खिलाऱ्यांची शिंगं यंदा कुणी रंगवली ते कळव. इथं एक पांढरा बैल बघितला, आपल्या दोघांना मिळून एक होईल एवढा थोराड, पण चालीत आपल्यांचा डौल नाही. तुझ्या सुनेस सांग, तिनं दिलेला मफलर अजून टिकून आहे. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुझा दादा