बहिष्कार तोंडी, माल चीनचाच

संपादक महोदय,

चीनवर बहिष्कार टाका म्हणणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण जरा आकडे बघा की राव. जून २०२० मध्ये लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापटीत आपले २० जवान शहीद झाले, त्याच महिन्यात सरकारने टिकटॉक धरून ५९ ॲप बंद केले, तेव्हा आपण सगळे जाम खूश झालो होतो, आणि २०२४-२५ मध्ये बघाल तर चीनबरोबरची व्यापारी तूट जवळपास ९९ अब्ज डॉलर! म्हणजे आयात ११३ अब्जांच्या वर आणि आपली निर्यात जेमतेम १४.

ॲप काय, डिलीट मारलं की गेलं. पण औषधांचा कच्चा माल, सोलरचे सेल, मोबाईलचे सुटे भाग, हे कसं डिलीट करणार? एप्रिल २०२५ मध्ये चीनने रेअर अर्थ मॅग्नेटच्या, म्हणजे दुर्मिळ खनिजांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या, निर्यातीला परवान्याची अट घातली आणि इथल्या गाडीवाल्या कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमध्ये, पॉवर स्टिअरिंगमध्ये हेच छोटंसं चुंबक बसतं, किंमत किरकोळ पण ते नसेल तर अख्खी गाडी लाईनवरच अडते. आणि गंमत म्हणजे हे लडाख सीमेवरच्या डेपसांग-डेमचोकमधल्या गस्तीचा चीनशी समझोता होऊन, रशियातल्या कझानला मोदी-जिनपिंग भेटून सहा महिने झाल्यावर.

सीमेवर सैन्य ठेवावंच लागेल, त्यात वादच नाही. पण दुर्मिळ खनिजं आपल्याकडेही आहेत, केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत, मग त्यापासून चुंबक बनवायचे कारखाने इतकी वर्षं का नाही उभे राहिले, हे कोणी विचारतच नाही.

– एक वाचक