बर्फात आम्ही म्हातारे काय करणार?

व्हँकुव्हर, जुलै

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

'बर्फात आम्ही म्हातारे काय करणार?' हे, 'इकडे फिरायला या' म्हटलं की येणारं आईचं पालुपद तीन फोन झाले ऐकतेय. म्हणून शनिवारी तुमच्या वतीने व्हिस्लर या डोंगरातल्या गावाला जाऊन सगळं डोळ्यांखालून घालून आले. गाडीने दोन तास, निम्मा रस्ता समुद्राच्या कडेने.

खाली गावात बर्फ औषधालाही नाही. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या डोंगरउतारावरच्या स्कीच्या शर्यती इथेच झाल्या. आता त्याच उतारांवर हिरवंगार गवत. थंडीत स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या पाळण्यांना उन्हाळ्यात सायकली लटकवतात आणि चिलखत घातल्यासारखी पोरं वरून त्या सायकलींवर धाडधाड खाली येतात. पाळण्यातून मला एक काळं अस्वलही दिसलं. चक्क गवत चरत होतं, म्हशीसारखं!

बाबा, शिखर २१८४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून पाचशेच मीटर जास्त. पण डोंगर चढायचा नाही, गंडोला, म्हणजे रोपवेसारखा तारेवरचा डबा, बराच वर नेऊन सोडतो. वर मात्र अजून बर्फ होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याच्याही वर भिंती! आणि शीळ ऐकू आली तर मागे वळून बघू नका, कुणी छेड काढत नाहीये. मार्मॉट नावाचा गुबगुबीत प्राणी आहे, खारीच्या कुळातला. पूर्वी या डोंगराला लंडन माउंटन म्हणत, या शीळवाल्यांमुळे तो व्हिस्लर झाला.

आता तुमच्या गुडघ्याचं. गंडोला जिथे सोडतो तिथून शिखराच्या पाळण्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटांची खडीची उतरण आहे, आणि परतताना तोच चढ. मी मुद्दाम घड्याळ लावून चालले. बेत असा की तुम्हाला जमलं तर जाऊ, नाही तर राहिलं. शिखरावरचा झुलता पूल आईला दाखवायचाच नाही.

आईसाठी दुसरा गंडोला आहे, व्हिस्लरवरून समोरच्या ब्लॅककोंब डोंगरावर जाणारा. सगळीकडून बंद, बसायला बाकडी. ४.४ किलोमीटर, अकरा मिनिटं. मधे दरी ४३६ मीटर खोल, पण आई, रायगडच्या रोपवेत तू डोळे मिटून रामरक्षा म्हणत होतीस, तशी इथेही म्हण. अठ्ठावीस डब्यांपैकी दोनांना काचेचा तळ आहे, त्यांची रांगच वेगळी. बाबांना त्यात बसवू, आपण साध्यात.

हो, सायकल मीही चालवून पाहिली, अगदी सोप्या वाटेवर. कोपर थोडं खरचटलंय. फोनवर सांगितलं असतं तर तू दोन दिवस जेवली नसतीस, म्हणून पत्रात.

यायचं तर पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये या. बाबांची माकडटोपी आणा, वर वारा बोचरा असतो. आणि दोघांच्या पायांची मापं कळवा, चांगल्या पकडीचे बूट इथेच घेऊन ठेवते.

तुमची,
मनू