अस्तित्वात नसलेल्या दिवसाचे बिल आणि इतर बाबींविषयी तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रवासी सेवा विभाग

विषय : जहाजावरील खात्यात १५ तारखेची झालेली चुकीची आकारणी, केबिन व लाँड्रीविषयीच्या तक्रारी आणि आपल्या ग्राहक सेवा केंद्राची वागणूक.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज झालेले संभाषण शेवटचे, असे ठरवून हे पत्र लिहीत आहे. आपले जहाज पॅसिफिक महासागरातून पश्चिमेकडे जात असताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडते आणि त्या वेळी जहाजाच्या दिनदर्शिकेतून एक पूर्ण दिवस गाळला जातो, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नसावी. आम्ही उभयता १४ तारखेच्या रात्री झोपलो आणि १६ तारखेच्या सकाळी उठलो. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये आलेल्या आपल्याच दैनिक कार्यक्रमपत्रिकेत 'उद्या १६ तारीख' असे ठळक छापले होते, आणि वाररेषा ओलांडल्याबद्दल कप्तानांच्या सहीचे एक सुंदर प्रमाणपत्रही आम्हाला देण्यात आले. असे असताना अंतिम बिलात १५ तारखेचे दोघांचे सेवाशुल्क आणि १५ तारखेचे इंटरनेटचे शुल्क लावलेले आहे.

ही चूक उतरण्यापूर्वी जहाजावरच्या स्वागतकक्षात दाखवली, तेव्हा 'किनाऱ्यावरच्या कार्यालयाशी बोला' असे सांगण्यात आले. किनाऱ्यावरच्या कार्यालयाने 'हे जहाजावरच सुटायला हवे होते' असे सांगितले. आजचे संभाषण मात्र जसे झाले तसे देत आहे, कारण त्याचे ध्वनिमुद्रण होत असल्याची सूचना आपणच सुरुवातीला ऐकवता आणि ते कोणी तरी ऐकावे अशी माझी इच्छा आहे.

आपले प्रतिनिधी म्हणाले, "मॅडम, आमच्या सिस्टिममध्ये १५ तारीख दिसतेय."

मी म्हटले, "सिस्टिममध्ये असेल, जहाजावर ती तारीख आलीच नाही."

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही जहाजावर नव्हता का?"

"त्या दिवशी जहाजावर कोणीच नव्हते. तो दिवसच नव्हता."

यावर बराच वेळ संगीत ऐकवण्यात आले. परत आल्यावर त्यांनी अत्यंत सौजन्याने सांगितले, "मॅडम, १५ तारखेला तुम्ही दुसरीकडे राहिला असाल, तर तिथल्या हॉटेलचं बिल पाठवा, आम्ही रिफंडचा विचार करू." महासागराच्या मध्यावर, कोणत्याही दिशेला जमीन दिसत नसताना, अस्तित्वात नसलेल्या रात्री आम्ही कोणत्या हॉटेलात उतरलो असू, याचा आपणही विचार करावा.

मग फोन वरिष्ठांकडे गेला. त्यांना वाररेषा ठाऊक होती, आणि त्यामुळेच त्यांचे उत्तर अधिक लागले. त्यांचे म्हणणे असे, की पश्चिमेकडे जाताना घड्याळ वारंवार एक तास मागे घेतले गेले, ते जादा तास आम्हाला 'फुकट' मिळाले, तेव्हा हिशेब बरोबर झाला. दर १५ रेखांशांमागे एक तास, हे त्यांचे भूगोलाचे गणित निर्दोष आहे. परंतु इंटरनेट आपण तासावर नव्हे, दिवसावर विकले होते. तासांचाच हिशेब करायचा असेल, तर ज्या तासांत एक साधा ईमेलही जात नव्हता, ते तासही वजा करावे लागतील आणि त्यात नुकसान आपलेच होईल. सुरक्षा कवायतीच्या वेळी, सात लहान भोंगे व एक लांब भोंगा वाजल्यावर, आपल्या कर्मचाऱ्यांनी प्रत्येक प्रवासी चोख मोजला होता. माणसे मोजता येतात तर दिवस का मोजता येऊ नयेत?

आता केबिनविषयी. एवढ्या लांबच्या सफरीत माणूस सहलीला आलेला नसतो, तो तिथे संसार मांडतो. कपाट, टेबल, झोपण्याची कूस, सगळे अंगवळणी पाडून घ्यावे लागते. आरक्षण करताना मी केबिन नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ, असल्याबद्दल शंका काढली, तेव्हा 'जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, फरक पडत नाही' असे सांगण्यात आले. जहाजाच्या कुशीतले ते पंख डावी-उजवीकडची डोल कमी करतात, पुढच्या टोकाची वर-खाली आपट नव्हे, आणि ही आपट नाळेकडे सर्वाधिक तर जहाजाच्या मध्यावर सर्वांत कमी असते, हे जहाज चालवणाऱ्या कंपनीला माहीत नसेल असे मी मानत नाही. खवळलेल्या समुद्रात रात्रभर कपाटातले हँगर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खडखडत जात. शेवटी यजमानांनी प्रत्येक दोन हँगरांमध्ये टॉवेल कोंबले आणि कप्प्यांना आतून मोजे लावले, तेव्हा कुठे डोळा लागू लागला. जिथे जहाज लावायला धक्का नव्हता तिथे ते समुद्रातच नांगर टाकी, आणि पहाटे नांगराची साखळी थेट उशीखालून सुटल्यासारखी घरघरे. मधल्या एका बंदरात नवे प्रवासी चढले, तेव्हा मध्यावरच्या काही केबिन रिकाम्या झाल्या होत्या, पण 'त्या पुढच्या टप्प्यासाठी राखीव आहेत' असे उत्तर मिळाले. त्याच बंदरानंतर जेवणाचे आमचे ठरलेले टेबलही न विचारता बदलण्यात आले.

स्वयंसेवा लाँड्रीच्या दारावर 'तात्पुरते बंद' ही पाटी सफरीच्या शेवटपर्यंत होती. केबिनमध्ये इस्त्री वापरू न देण्याचा नियम आगीच्या भीतीने आहे, तो मला पूर्ण मान्य आहे. परंतु लाँड्री बंद ठेवण्याचे कारण 'पाण्याची बचत' असे देण्यात आले, आणि त्याच आठवड्यात आपल्या मुख्य अभियंत्यांनी सभागृहात समुद्राच्या पाण्यापासून जहाजावरच गोडे पाणी कसे तयार होते, याचे उत्तम व्याख्यान दिले. आपली पैसे घेऊन चालणारी लाँड्री तेव्हा अखंड सुरू होती. तिला पाणी लागत नसावे.

माझी मागणी स्पष्ट आहे. १५ तारखेची संपूर्ण आकारणी परत करावी, केबिनविषयी दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल लेखी खुलासा द्यावा, आणि पुढच्या सफरीसाठी जहाजावरच आमच्याकडून भरून घेतलेली अनामत रक्कम परत करावी, कारण ती सफर आम्ही करणार नाही. आपल्या जहाजांची शिफारस मी आजवर अनेकांना केली, याचे आता वाईट वाटते. हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे जमा न झाल्यास, १५ तारखेच्या आकारणीविरुद्ध कार्ड देणाऱ्या बँकेकडे हरकत नोंदवीन आणि ग्राहक न्यायालयातही जाईन. मुदत मोजताना कृपया आपली सिस्टिम वापरू नये.

उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये.

आपली,
एक प्रवासी

सोबत : अंतिम बिल, १४ तारखेच्या संध्याकाळची कार्यक्रमपत्रिका आणि कप्तानांच्या सहीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती. हॉटेलचे बिल उपलब्ध नाही.